मासा बुजू नये म्हणून

अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्याच्या दक्षिण टोकापासून की वेस्टपर्यंत बेटांची एक लांब, वाकडी रांग समुद्रात गेली आहे. तिला फ्लोरिडा कीज म्हणतात. तिच्या एका अंगाला अटलांटिक, दुसऱ्या अंगाला फ्लोरिडा बे. ही बे दोन हजार चौरस किलोमीटरहून मोठी आहे, पण तिची सरासरी खोली जेमतेम एक मीटर. तळाला चुनखडीचा पांढुरका चिखल, त्यावर टर्टल ग्रास नावाचं चपट्या पात्यांचं समुद्रगवत, मधूनमधून कांदळाची छोटी बेटं आणि त्यांच्यातून वाट काढणारे खोल चॅनेल. या उथळ पठारांना तिथे ‘फ्लॅट्स’ म्हणतात. त्यांच्यावर गरवण्यासाठी गेल्या ऐंशी-नव्वद वर्षांत एक वेगळी होडी, वेगळी काठी आणि वेगळा गळ घडत गेला. तो का घडला हे कळलं, की त्या सामानातली एकही गोष्ट हौसेची वाटत नाही.

मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीत चार मीटरहून जास्त फरक पडतो. कीजमध्ये तो अर्ध्या मीटरच्या आसपास असतो, आणि बेच्या आतल्या भागात तर पाणी चढतं-उतरतं ते बरंचसं वाऱ्यामुळे. पण जिथे मुळात पाणीच गुडघाभर, तिथे एवढा फरकही सगळं काही बदलतो. पाणी चढू लागलं की चॅनेलमधले मासे पठारावर येतात. गवतात आणि चिखलात कोळंबी, छोटे खेकडे, शिंपले भरपूर. मात्र तिथे लपायला जागा नाही. वरून कैकरासारखा शिकारी पक्षी झडप घालू शकतो, मागून शार्क येऊ शकतो. म्हणजे पठारावर आलेला मासा एकाच वेळी भुकेला असतो आणि धास्तावलेलाही. त्याच्या भुकेमुळे तो सापडतो, आणि त्याच्या धास्तीमुळे हे सगळं सामान असं आहे.

इथे गरवणाऱ्यांचे लाडके मासे तीन. बोनफिश हा हात-दीड हात लांबीचा, चंदेरी, खाली वळलेल्या तोंडाचा. चिखलात नाक खुपसून तो खेकडे शोधतो आणि घशातल्या दाणेदार दातांनी त्यांचा चुरा करतो. त्याचे खवले आरशासारखे आजूबाजूचा तळच परावर्तित करतात, त्यामुळे कित्येकदा मासा न दिसता फक्त त्याची सावली सरकताना दिसते. दुसरा पर्मिट. आपला हलवा ज्या कुळातला, त्याच कुळातला हा मासा, तसाच उंच आणि चपटा, शेपटीला काळी किनार असलेला. तिघांत सर्वांत संशयी तोच. तिसरा टार्पन. माणसाहून लांब वाढणारा, पन्नास वर्षांहून अधिक जगणारा, आणि पाण्यात प्राणवायू कमी असला तर वर येऊन हवा गिळणारा. त्याचा वाताशय फुप्फुसासारखं काम करतो. एप्रिल ते जुलै या काळात मोठमोठे टार्पन कीजच्या कडेने थव्याने जातात.

आता होडी. तिला तिथे स्किफ म्हणतात. लांबी साधारण पाच ते साडेपाच मीटर, आणि माणसं तीन: मागे काठी मारणारा गाइड, पुढे नाळेवर गरवणारा, आणि मधे आपली पाळी येण्याची वाट पाहणारा त्याचा सोबती. या होडीकडून दोन परस्परविरोधी गोष्टी हव्या असतात. सकाळी धक्क्यावरून निघून तीस-चाळीस किलोमीटर उघड्या पाण्यातून वेगात जायचं, तेव्हा लाटा कापायला तळ धारदार हवा. आणि पोचल्यावर वीतभर पाण्यात तरंगायचं, तेव्हा तळ सपाट हवा. म्हणून नाळेशी तळ धारदार आणि मागे जाताजाता जवळजवळ सपाट असा घडवतात. पिछाडीला तळाशी दोन पोलादी पट्ट्या असतात. त्या बटणाने वरखाली करून धावताना नाळ दाबून धरता येते, म्हणजे धारदार भाग लाटेत राहतो आणि कमरेला हिसके कमी बसतात. बोटबांधणीत हा तोल कुठे साधायचा यावरून गाइड मंडळींत आजही वाद रंगतात, आणि दोन्ही बाजूंचं म्हणणं खरं असतं. अटलांटिकच्या बाजूला टार्पनमागे जाणाऱ्याला थोडी जड होडी परवडते. बेच्या आतल्या कोपऱ्यात बोनफिश शोधणाऱ्याला परवडत नाही.

होडी किती पाण्यात तरंगेल हे शेवटी वजनावर ठरतं. हिशेब सोपा आहे. पाण्याला टेकलेला तळ पाच मीटर लांब आणि सव्वा मीटर रुंद धरला, तर सव्वासहा चौरस मीटर झाला. त्याला आणखी एक सेंटिमीटर बुडवायला साधारण बासष्ट किलो लागतात. म्हणजे एक माणूस वाढला की होडी सेंटिमीटरभर खाली. कागदावर हे क्षुल्लक वाटतं. पण स्किफला तरंगायला पंधरा-वीस सेंटिमीटर पाणी लागतं आणि मासा पंचवीस सेंटिमीटर पाण्यात चरत असतो, तेव्हा एकेका सेंटिमीटरची किंमत कळते. म्हणूनच केवलार आणि कार्बन फायबर वापरून होडीचं अंग हलकं करतात. इंधनही त्या दिवसापुरतंच भरणारे गाइड आहेत. बर्फाची पेटी, बॅटरी, इंधनाची टाकी, सगळं अशा बेताने मांडतात की तिघं आपापल्या जागी उभे राहिले की होडी आडवी-उभी समतोल राहील. नाळ जड झाली तर होडी सरळ जात नाही. पिछाडी जड झाली तर ती आधी तळाला घासते.

वजनानंतर आवाज. माझ्या मते तोच खरा कस. पाण्यात आवाज हवेच्या चौपटीहून अधिक वेगाने जातो, आणि माशाला कानाखेरीज अंगाच्या दोन्ही बाजूंनी पाण्याची थरथर ओळखणारी संवेदनरेषा असते. बारीक लाटा नाळेच्या कडेखाली आपटून ‘थप् थप्’ वाजल्या, तर पन्नास-साठ मीटरवरचे बोनफिश निघून जातात. त्यांना होडी दिसलेलीही नसते. अनेक देखण्या, वेगवान होड्या याच एका दोषापायी या कामातून बाद झाल्या. चांगल्या स्किफमध्ये नाळेच्या बाजूची पाणी उडवून लावणारी कड अशी वळवलेली असते की होडी उभी असताना लाटेला आपटायला सपाट जागाच मिळू नये. पेट्यांच्या झाकणांना रबराच्या कडा असतात, दोर बांधायच्या खुंट्या दाबून आत घालता येतात, रॉड बाजूच्या कडेखाली आडवे ठेवतात. वरच्या फळीवर बाहेर आलेलं काहीही नसतं. यात आवाजाइतकाच आणखी एक हेतू आहे: गरवणाऱ्याची सैल दोरी पायाशी पडलेली असते, आणि ती अडकायला जागा मिळाली की नेमकी तिथेच अडकते.

ही होडी एका दिवसात झालेली नाही. पूर्वीचे गाइड साध्या लाकडी होड्यांतून जात. कीजमधल्या इस्लामोराडा गावात जिमी अल्ब्राइट हा गाइड त्या काळात नावाजला. 1947 साली लेखक जो ब्रुक्स यांनी त्याच्याबरोबर फ्लायवर, म्हणजे पिसांच्या नकली आमिषावर, बोनफिश धरले, त्याबद्दल लिहिलं, आणि हा खेळ दूरवर माहीत झाला. त्याच गावात जिमीची पत्नी फ्रँकी आणि तिच्या बहिणी बॉनी स्मिथ व ब्यूला कॅस याही गाइड होत्या. हे काम बायकांनी करायचं नसतं असं मानलं जाण्याच्या काळात त्या काठी मारत होत्या. पुढे मायामीच्या बॉब ह्यूज यांनी याच कामासाठी फायबरग्लासची होडी काढली. मायामीजवळच्या बिस्केन बेमधल्या बिल कर्टिस या गाइडला इंजिनावरच्या मचाणाचं श्रेय दिलं जातं. नव्वदच्या दशकात हॅल चिटम, फ्लिप पॅलॉट आणि क्रिस मोरजॉन यांच्या हेल्स बे बोटवर्क्सने हलक्या स्किफची आजची चाल पाडली.

मचाण ही कल्पना दिसते तेवढी साधी नाही. साठ ते नव्वद अश्वशक्तीचं इंजिन पिछाडीला वर उचललेलं असतं आणि त्याच्यावर नळ्यांच्या चौकटीवर बसवलेली एक फळी. गाइड तीवर उभा राहिला की त्याचे डोळे पाण्यापासून तीन मीटर उंच जातात. उंचीमुळे पाण्यावरची चकाकी कमी लागते आणि नजर तळापर्यंत पोचते. पण उंच माणूस माशालाही दिसतो. पाण्याखालून वर पाहताना माशाला बाहेरचं सगळं जग डोक्यावरच्या एका गोल खिडकीत गोळा झालेलं दिसतं. पाण्याच्या पातळीच्या वर दहा अंशांच्या आत जे आहे ते त्या खिडकीच्या काठाशी दबून, पुसट होऊन जातं. वीस मीटरवरचा तीन मीटर उंचीचा गाइड साधारण साडेआठ अंशांवर येतो, म्हणजे काठाशीच. दहा मीटरवर तो सोळा-सतरा अंशांवर चढतो आणि स्पष्ट दिसतो. फ्लॅट्सवर गळ लांबून टाकायचा आग्रह धरतात तो यासाठी.

इंजिन बंद झाल्यावर होडी चालते काठीने. ही काठी साडेपाच ते साडेसहा मीटर लांब. आधी लाकडाची, मग फायबरग्लासची, आता कार्बन फायबरची. वजन दीड-दोन किलो, कारण ती दिवसभर उचलायची असते. तिची दोन टोकं वेगळी. एका टोकाला दुबेळक्यासारखा पाय, तो मऊ चिखलात रुतत नाही. दुसरं टोक अणकुचीदार. ते कठीण तळावर वापरतात किंवा काठी तळात रोवून होडी तिला बांधून ठेवायला. खडकाळ तळावर कोणतं टोक लावायचं याचाही विचार करावा लागतो, कारण काठी खडकावर टेकल्याचा टकटक आवाज पाण्यात लांब जातो.

काठी मारण्याची रीत अशी. होडीच्या अगदी मागे, अंगाजवळ, काठी तळाला टेकवायची. मग हातावर हात सरकवत तिच्यावर चढत गेल्यासारखं वर जायचं आणि शरीराचं वजन हळूहळू टाकायचं. झटका नाही. काठी सुटली की पाणी उडू न देता उचलायची आणि पुन्हा टेकवायची. गाइड मागे असल्यामुळे तो नाळ वळवत नाही, पिछाडी सरकवतो. पिछाडी डावीकडे ढकलली की नाळ उजवीकडे जाते. काठी कमरेला टेकवून नुसत्या अंगाच्या कलाने होडी वळवणारे गाइड बघावेत. वाऱ्यात हेच काम घाम काढतं. हलकी, उथळ होडी पाण्यात रुजलेली नसते, वारा तिला सहज फिरवतो, आणि नेमका मासा दिसल्यावर ती थांबवायची असते.

तो काठी मारतो, तेव्हा डोक्यात तीन गोष्टी एकदम चालू असतात: ऊन, वारा आणि पाण्याची ओढ. ऊन पाठीमागे हवं म्हणजे पाण्यात दिसतं. वारा पाठीमागे किंवा गरवणाऱ्याच्या मोकळ्या हाताकडून हवा म्हणजे दोरी अंगावर येत नाही. बोनफिश बहुधा ओढीला तोंड करून चरत जातात, कारण वास त्या बाजूने येतो. म्हणून त्यांच्या समोरून भेटायचं असेल तर ओढीबरोबर उतरत यावं लागतं. तिन्ही एकदम जुळणं क्वचितच घडतं. कोणतं सोडायचं हे ठरवण्यात गाइडचं वर्षानुवर्षांचं शिक्षण आहे, आणि एकट्याने गेलेल्या पाहुण्याला ते एका आठवड्यात जमत नाही. अमेरिकेत पैसे घेऊन माणसं नेण्यासाठी कोस्ट गार्डचा परवाना लागतो. सहा प्रवाशांपर्यंतच्या परवान्यासाठी 360 दिवस पाण्यावर काढल्याचा दाखला द्यावा लागतो. गाइडना आदराने कॅप्टन म्हणतात ते उगाच नाही.

माणसांनी एकमेकांना मासा दाखवायचा कसा, यासाठी घड्याळाची पद्धत आहे. नाळेचं टोक म्हणजे बारा. डावीकडे काटकोनात नऊ, उजवीकडे तीन. गाइड हलक्या आवाजात सांगतो, ‘अकरा वाजता, पन्नास फूट, डावीकडे चाललाय.’ गरवणाऱ्याने तिकडे नुसतं बघायचं नाही, रॉड तिकडे रोखायचा, म्हणजे दोघं एकाच जागेबद्दल बोलताहेत याची खात्री होते. उजव्या हाताच्या माणसासाठी गाइड शक्यतो मासा दहा-अकराच्या दिशेला आणून ठेवतो. बाराला ठेवला तर मागे जाणारी दोरी थेट मचाणावरच्या गाइडच्या डोक्यावरून जाईल, आणि तिच्या टोकाला गळ असतो.

दिसण्यासाठी लागणारा खरा ऐवज म्हणजे पोलराइज्ड चष्मा. पाण्यावरून परतलेला उजेड मुख्यतः आडव्या पातळीत कंप पावतो. ही काच तोच अडवते आणि तळ उघडा पडतो. तांबूस-पिवळसर काच पठारावर चांगली, कारण हिरवट-तपकिरी गवतावर माशाची करडी छाया तिच्यातून ठळक उठते. सोबत खालून गडद कापड लावलेली लांब झापीची टोपी. एवढं झालं की काय शोधायचं ते शिकायचं. चरताना डोकं खाली आणि शेपटी पाण्याबाहेर, उन्हात काचेसारखी लुकलुकणारी. वाऱ्याने उठलेल्या लहरींत एकाच जागी उलट थरथरणारा पाण्याचा चट्टा. चिखल उकरल्याचा ताजा पांढुरका ढग. अख्खा मासा दिसेपर्यंत थांबणाऱ्याला बहुधा मासा दिसत नाही.

आता रॉड. स्पिनिंगचं सामान सोपं आणि सुरुवातीला तेच घ्यावं असं मला मनापासून वाटतं. सात फुटी रॉड, मध्यम रीळ, दहा पौंडांची विणलेली दोरी, पुढे हातभर फ्लुरोकार्बनचा तंगूस आणि गळाला जिवंत कोळंबी. पर्मिटसाठी कोळंबीऐवजी रुपयाएवढा खेकडा. गळ माशाच्या पुढे आणि पलीकडे टाकायचा आणि त्याच्या वाटेवर आणून सोडायचा. डोक्यावर पडला की संपलं.

फ्लायचं तंत्र याच्या उलट चालतं. स्पिनिंगमध्ये आमिषाला वजन असतं आणि ते हलक्या दोरीला ओढत नेतं. फ्लाय म्हणजे पिसं, केस आणि धाग्याने गळावर बांधलेला, जवळजवळ वजन नसलेला नकली जीव. तो लांब फेकायचा तर वजन दोरीतच घालावं लागतं. म्हणून फ्लायची दोरी जाड, लेपाची असते आणि रॉड तिला आसुडासारखी मागेपुढे उलगडतो. दोरीच्या वजनाला क्रमांक आहेत; अमेरिकी उत्पादकांनी 1961 साली हे प्रमाण ठरवलं. पहिल्या तीस फुटांचं वजन मोजायचं: आठ क्रमांकाची 210 ग्रेन, म्हणजे साडेतेरा ग्रॅमच्या आसपास, बारा क्रमांकाची 380 ग्रेन, पावणेपंचवीस ग्रॅमच्या जवळ. बोनफिशला आठ, पर्मिटला नऊ किंवा दहा, मोठ्या टार्पनला अकरा-बारा. बोनफिशसाठी बारा क्रमांक नेला तर दोरी पाण्यावर पडतानाच मासे पळतील. टार्पनसाठी आठ नेला तर मासा तासन्‌तास दमवत राहील, जे माशाच्या जिवाला वाईट. तिथल्या उन्हात साध्या दोरीचा लेप मऊ आणि चिकट होतो, त्यामुळे उष्ण प्रदेशासाठी ताठ गाभ्याची वेगळी दोरी मिळते.

दोरीमागे रिळावर दीडशे-दोनशे मीटर बारीक, मजबूत आधारदोर गुंडाळलेला असतो. बोनफिश लागला की तो पहिल्याच धावेत जाड दोरी संपवून या आधारदोरापर्यंत पोचतो. त्यामुळे रिळाचा ब्रेक मऊ सुरू झाला पाहिजे. सुरू होताना किंचितही अडखळला तर बारीक तंगूस तुटतो. खारं पाणी आणि वाळू या दोन्हींपुढे टिकणारे असे ब्रेक बनवण्यात हंगेरीत जन्मलेल्या टेड युराचिक या यंत्रकारागिराने फ्लोरिडात मोठं काम केलं. बिली पेट या प्रसिद्ध गरवणाऱ्याच्या नावाचं त्याचं रीळ आणि पुढचं टिबोर हे रीळ अजून कीजमध्ये हातोहात दिसतं.

जाड दोरी आणि फ्लाय यांच्या मधला पारदर्शक तंगूस म्हणजे लीडर. बोनफिशसाठी तो नऊ ते बारा फूट, टोकाकडे निमुळता. फ्लुरोकार्बनचा वक्रीभवनांक 1.42, नायलॉनचा त्याहून जास्त, पाण्याचा 1.33, म्हणून फ्लुरोकार्बन पाण्यात कमी उठून दिसतो. टार्पनचा लीडर म्हणजे स्वतंत्र विद्या. त्याचं तोंड खरखरीत कानसेसारखं, बारीक तंगूस झिजवून टाकतं. म्हणून अगदी टोकाला जाड तुकडा जोडतात. आंतरराष्ट्रीय विक्रम नोंदवणाऱ्या आयजीएफए संस्थेच्या नियमात हा तुकडा बारा इंचांहून लांब चालत नाही, आणि त्यामागचा बारीक भाग वीस पौंडांहून मजबूत चालत नाही. वेगवेगळ्या जाडीचे तंगूस जोडायला लागणाऱ्या गाठींपैकी एक आजही अल्ब्राइटच्या नावाने ओळखली जाते.

फ्लायच्या पेटीवर मन रमतं, पण खरं तर पाच-सात नमुने पुरतात. बहामातल्या अँड्रॉस बेटावरच्या चार्ली स्मिथ या गाइडच्या नावाची क्रेझी चार्ली बोनफिशसाठी. डेल ब्राऊन यांनी बांधलेली खेकड्याची फ्लाय पर्मिटसाठी. त्यांनी फ्लायवर पाचशेहून अधिक पर्मिट धरले. या फ्लायना डोळ्यांच्या जागी धातूचे मणी असतात. त्यांनी फ्लाय पटकन तळाला जाते आणि उलटी होते, म्हणजे गळाचं टोक वर राहतं आणि गवतात अडकत नाही. टार्पनसाठी मागे लांब पिसांची फ्लाय, ज्या धाटणीची स्टू ॲप्टी या गाइड आणि वैमानिकाची फ्लाय 1991 साली अमेरिकी टपाल तिकिटावर आली. मे-जूनमध्ये काही संध्याकाळी पालोलो नावाचे बोटभर लांबीचे लालसर किडे तळातून बाहेर पडून ओढीबरोबर खोल पाण्याकडे वाहू लागतात. तेव्हा सत्तर किलोचा टार्पन ते एकेक टिपत फिरतो, आणि त्या संध्याकाळी दुसरी कुठलीही फ्लाय त्याच्यापुढे टाकून उपयोग नसतो.

मासा फ्लाय घेतो तेव्हाची चूक बहुतेकांची सारखीच: रॉड वर उचलणं. रॉड वाकतो, गळ रुततच नाही. करायचं ते हे, की रॉडचं टोक पाण्याकडेच ठेवून डाव्या हाताने दोरी सरळ मागे खेचायची. मग पायाशी पडलेली सैल दोरी सुसाट निघते. पायाखाली ती आली आहे का हे कळावं म्हणून बरेचजण अनवाणीच उभे राहतात. टार्पनने उडी मारली की गरवणाऱ्याने त्याच्याकडे झुकून दोरी सैल सोडायची. हवेत त्याच्या अंगाला पाण्याचा आधार नसतो, पूर्ण वजन आणि डोक्याचे झटके थेट तंगुसावर येतात. सैल दोरीत ते झटके विरतात. रोवलेली काठी किंवा नांगराला बांधलेला दोर गाइड त्याच क्षणी तरंगत्या बोयासकट सोडून देतो आणि माशामागे निघतो. बोया नंतर उचलता येतो.

धरलेला मासा परत सोडायचा. फ्लोरिडात 2013 पासून बोनफिश ठेवता येत नाही. टार्पनही सोडावाच लागतो, फक्त विक्रमासाठी खास परवाना घेतला तर ठेवता येतो. चाळीस इंचांहून मोठा टार्पन पाण्याबाहेर काढायला बंदी आहे. मला यातला सर्वांत महत्त्वाचा भाग वेळेचा वाटतो. थकून गेलेला बोनफिश शार्कचं सोपं भक्ष्य असतो, म्हणून जाड दोरी, जोरकस ब्रेक, दाते नसलेला गळ, कोरड्या हाताने न पकडणं, ही सगळी त्याला लवकर आणि शुद्धीत सोडण्याची तयारी आहे. शार्क दिसला की चांगला गाइड गरवणाऱ्याला ब्रेक पूर्ण सैल करायला किंवा तंगूस तोडायलाच सांगतो. मासा मोकळा झाला तर पळू शकतो.

तेवढीच काळजी गवताची. वीतभर पाण्यात इंजिन चालवलं की पंखा टर्टल ग्रासची मुळं कापत जातो आणि तळावर पांढरा ओरखडा उरतो. ही मुळं जमिनीखाली आडवी, संथ पसरतात, त्यामुळे ओरखडा भरायला वर्षं लागतात. मधल्या काळात ओढ त्याच्या कडा खणत राहते. विमानातून पाहिलं तर बेच्या तळावर असे ओरखडे एकमेकांवर पडलेले दिसतात. एव्हरग्लेड्स राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत स्नेक बाइट भागात 2011 पासून इंजिनाने जायला मनाई आहे, फक्त काठी किंवा बॅटरीवर चालणारी छोटी मोटर. असे आणखी भाग पुढे वाढवले गेले. गाइड मंडळींपैकी अनेकांनी याला पाठिंबा दिला, कारण गवत गेलं तर खेकडा गेला आणि खेकडा गेला तर मासा येणार नाही.

मायामीहून की वेस्टकडे जाणारा ओव्हरसीज हायवे 1938 सालचा. फ्लोरिडात राहणारी किंवा फिरायला आलेली मराठी कुटुंबं त्यावरून पूल ओलांडत जातात, तेव्हा खाली फिकट हिरव्या पाण्यात एका मचाणावर उभा माणूस आणि पुढे नाळेवर दुसरा, असं दिसलं तर ते हेच. जायचं मनात असेल तर अर्ध्या दिवसाची फेरी घ्यावी आणि गाइडला पहिल्या फोनवरच खरं सांगावं की फ्लाय येत नाही. तो स्पिनिंगचं सामान तयार ठेवेल. गरवण्याचा परवाना त्याच्या होडीच्या परवान्यात येतो, वेगळा काढावा लागत नाही. सामान त्याचं असतं; आपण पोलराइज्ड चष्मा, लांब बाह्यांचा फिकट सदरा, पाणी आणि ज्यांचे तळवे काळे डाग पाडणार नाहीत अशी पादत्राणं न्यावीत. फ्लायच शिकायची असेल तर घरच्या मैदानावर, वारा असलेल्या दिवशी, चाळीस फुटांवर ठेवलेल्या ताटलीजवळ दोनच हेलकाव्यांत दोरी टाकता येईपर्यंत सराव करावा. होडीवर मासा तीस सेकंदांहून जास्त थांबत नाही, आणि दोरी हवेत जितका वेळ फिरते तितका वेळ तिची सावली त्याच्या अंगावरून फिरत असते.